सरळ रस्त्यावरचा ब्रेक

मी ब्रेकची पट्टी बोलतेय. आधीच सांगते, माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. मी आपोआप दाबली जाते, बिघाड माझ्यातच आहे, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. आपोआप? मी लोखंडाची आहे. खाली स्प्रिंग, वर रबर. कुणाचा पाय पडल्याशिवाय मी केसभरही हलत नाही.

मी खऱ्या गाडीतली नाही, शर्यतीच्या गेममधली. टेबलाला आवळायचं स्टिअरिंग आणि खाली जमिनीवर आम्ही दोघी. उजवीकडे रेसची पट्टी, डावीकडे मी. ती लाडकी, तिच्यावर पाय कायम. माझी आठवण लोकांना वळण आलं की होते, तीही बहुतेकदा उशिरा. कारखान्यात मला हजारदा दाबून पाहिलं, मग पास केलं. पहिला मालक कॉलेजात जाणारा. त्याला भिंतीवर आपटून थांबायची सवय, मला तो क्वचितच विचारायचा. नोकरी लागली तशी त्याने आमची रवानगी जिन्याखाली केली. दोन वर्षं धूळ खाल्ली. मग एक शिंपी आला आणि आम्हाला पुसूनबिसून घरी घेऊन गेला.

त्याला सगळी गल्ली दादा म्हणायची. कुणाकडे आजारपण असो, मयत असो, दादा सगळ्यांच्या पुढे. त्याने आम्हाला आणलं ते धाकट्या बहिणीसाठी. घरात दोघंच. बहीण सेहेचाळीस वर्षांची, तोंडाने फटकळ, वीस वर्षं शाळेच्या मुलांची व्हॅन चालवलेली. तरी दादासाठी ती अजून छोटीच.

तिच्यावर काय गुदरलं होतं ते मला त्या खोलीत बसून तुकड्यातुकड्यांनी कळलं. चार महिन्यांपूर्वी मुलांना सोडून रिकामी व्हॅन परत येत होती. सोबत दादा होता. पाण्याच्या टाकीजवळ, भर दुपारी, सरळ रस्त्यावर व्हॅनने सायकलवरच्या पोस्टमनला उडवलं. तो तिसऱ्या दिवशी गेला. लोक धावत आले तेव्हा ही दोघं गाडीबाहेर रस्त्यावर होती. छोटीच्या डोक्याला मार लागला होता, त्या दुपारचं तिला काही म्हणता काही आठवेना. दादाने सांगितलं, छोटी चालवत होती. व्हॅन तिची, लायसन तिचं. दादाला तर गाडी येतच नव्हती. शंका घेणार कोण?

रस्त्यावर टायर घासल्याची एकही खूण नव्हती. ब्रेक लागलाच नव्हता. तेच तिला आतून खात होतं. दर शनिवारी पोस्टमनची बायको फाटकाशी येऊन उभी राहायची. शिव्या नाहीत, रडणं नाही. एकच विचारायची, "ब्रेक का नाही लावलास?" जगाला तोडून बोलणारी ही बाई, पण फाटकाशी मान खाली घालायची. येत्या सोमवारी कोर्टात गुन्हा कबूल करते, असं तिने वकिलाला सांगून टाकलं होतं.

पाय तिचा सारखा थरथरायचा. डॉक्टर म्हणाले, खेळण्यातली का होईना, गाडी चालवा, भीती मोडेल. म्हणून आम्ही आलो.

"आधी मी शिकतो, मग तुला शिकवतो," दादा म्हणाला. रोज दुपारी दुकानाला कुलूप लावून यायचा. ट्रॅक दोघांनाही नवा. नवा ट्रॅक शिकायची एक रीत असते. गेम तुमची सगळ्यात चांगली फेरी लक्षात ठेवतो आणि पुढच्या खेळणाऱ्यासमोर तीच फेरी धुरकट गाडी करून पळवतो. भूतगाडी म्हणतात तिला. आत कुणी नसतं. तिच्या मागे राहायचं, तिचे लाल दिवे लागले की ब्रेक दाबायचा, विझले की सोडायचा. पूल, खांब, पांढरी भिंत, सगळं हळूहळू पाठ होतं.

छोटी दादाच्या भूतगाडीमागे शिकू लागली. पुलाआधी लाल दिवे, तिने मला दाबलं. पांढऱ्या भिंतीपाशी पुन्हा. मग लांबलचक सरळ उतार, डावीकडे गोल पाण्याची टाकी. वळण नाही, खड्डा नाही. आणि तिथे भूतगाडीचे दिवे भडकले. तिने मला दाबलं. दुसऱ्या फेरीत तेच. तिसऱ्या फेरीत तिने पाय उचलूनच धरला. काहीच झालं नाही. ती त्या धुरकट गाडीच्या आरपार निघून गेली. पाय परत माझ्यावर आला तेव्हा गार पडला होता.

तिने दादाला विचारलं, टाकीपाशी ब्रेक कशाला लावतोस? दादा म्हणाला, मी कुठे लावतो, ती पट्टीच खराब आहे, जुना माल.

झालं. फुटले माझ्या नावाने खडे. दुरुस्तीवाला आला. त्याने मला उलटी केली, स्प्रिंग काढली, तारा तपासल्या, हाती काही लागेना. तरी दादाचं मन राखायला म्हणाला, असतो जुन्या वस्तूत दोष. मी ओरडत होते हो, पण पट्टीचं ओरडणं म्हणजे करकर. त्याने तेल सोडून तेही बंद केलं.

पण छोटी वीस वर्षं ब्रेकवर जगली होती. ती खेळते तेव्हा मी टाकीपाशी गप्प असते आणि दादा खेळतो तेव्हाच दाबली जाते, हे तिने हेरलं. शुक्रवारी दादा खेळायला बसला आणि ही झाडू घेऊन टेबलाखाली शिरली. माझ्यापासून वीतभर अंतरावर तिचं तोंड.

दादाचा पाय मी कुठेही ओळखेन. तीस वर्षं शिलाई मशीनवर चाललेला, टाच टेकलेली, चवडा हलता. पुलापाशी हलका पडला. भिंतीपाशी हलका पडला. टाकी आली आणि त्याने मला अशी दाबली की मी जमिनीला टेकले. उजवा हात स्टिअरिंग सोडून बाजूला आला होता आणि हवेतच काहीतरी घट्ट धरत होता.

तो हात छोटीने लहानपणापासून पाहिलेला. मशीन थांबवायचं असलं की शिंपी उजव्या हाताने बाजूचं चाक धरतो. पायाला थांबायचं सुचतं ते मागून.

ती तिथूनच, खालूनच बोलली. "दादा, इथे वळण नाही. ब्रेक कशाला?"

"अगं, तो मध्ये येतो ना."

"कोण?"

पडद्यावरची गाडी टाकीसमोर उभी. माझ्यावरचा पाय घामाने ओला झाला.

मग पडद्याकडेच बघत त्याने सगळं सांगितलं. रिकामा रस्ता होता. एकदा मला चालवू दे म्हणून तोच मागे लागला होता आणि छोटीच म्हणाली होती, घे. सायकल आडवी आली तेव्हा त्याने हात टाकला, मशीनचं चाक धरायला. तिथे गाडीचं दार होतं. पाय रेसवर तसाच राहिला. लोक आले आणि तोंडातून तिचं नाव निघून गेलं. वाटलं, शुद्धीवर आली की ही खरं सांगेलच.

"तुला काही आठवलंच नाही, छोटी. आणि मला रोज तो दिसतो."

छोटीने झाडू बाजूला ठेवला. माझ्यावरचा त्याचा पाय दोन्ही हातांनी उचलून जमिनीवर ठेवला, लहान मुलाचा ठेवावा तसा. म्हणाली, "चार महिने मी माझ्याच पायाला खुनी समजत होते."

आज शनिवार. मी टेबलाखालीच आहे. गेम बंद करायचं कालपासून कुणाला सुचलेलं नाही. खुर्ची रिकामी आहे. पडद्यावर भूतगाडी एकटीच फिरतेय आणि टाकीपाशी तिचे दिवे लागतायत. तेव्हा दाबायचा राहिलेला ब्रेक ती आता प्रत्येक फेरीला दाबतेय. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. वस्तूला दोष देण्याआधी तिच्यावर पाय कुणाचा होता ते बघत जा.

फाटक वाजलं. आतल्या खोलीतला दादाचा खोकला थांबला. पोस्टमनच्या बायकोने तेच विचारलं, तितक्याच हळू आवाजात.

छोटीने आज मान खाली घातली नाही. "गाडी माझी, ताई. न येणाऱ्याच्या हातात मी दिली. त्याची शिक्षा मी भोगेन, सोमवारी कोर्टातही हेच सांगेन. पण पाय माझा नव्हता."

"मग कोण चालवत होतं?"

छोटी लहानपणी बोलायला लागली तेव्हा पहिला शब्द हाच शिकली होती. पडली, घाबरली, वाट चुकली की हाच ओरडायची. आज पहिल्यांदा तिने तो हाक मारायला उच्चारला नाही.

"दादा."