एक लांब, दोन आखूड

थोरली जमिनींचे नकाशे काढायची. घरातली पुढची खोली हेच तिचं ऑफिस. त्या दिवशी अकरा वाजता गिऱ्हाईक नकाशा न्यायला येणार होतं आणि साडेनऊला कॉम्प्युटरनं मान टाकली. पंखा फिरला, पडदा काळाठिक्कर, आणि खोक्यातून नुसत्या शिट्ट्या.

धाकटी बहीण गावात कॉम्प्युटरच दुरुस्त करायची. पण आईचं शिलाई मशीन पुढे कुणी घ्यायचं यावरून दोघींत तीन महिने अबोला होता. मशीन जागचं हललंही नव्हतं. आई रोज त्यावर शिवत होती.

तेव्हा थोरलीनं आईकरवी धाकटीला फोन लावला आणि स्वतः टेबलाखाली कान टवकारून बसली. धाकटीनं आईला समजावलं, की आतलं काय दुखतंय ते खोकं शिट्ट्यांनी सांगतं, तेवढ्या मोज. आईनं वाकून ऐकलं.

"एकच आहे," ती ठामपणे म्हणाली. "लांबलचक."

आखूड आवाज आईच्या कानाला लागायचेच नाहीत. थोरलीला पुढच्या दोन्ही शिट्ट्या स्पष्ट ऐकू येत होत्या, पण सांगायचं म्हणजे अबोला मोडायचा. ती गप्प राहिली. धाकटीनं मेमरीची पट्टी काढून पुसायला सांगितली. थोरलीनं वायर उपटली, झाकण उघडलं, पट्टी पुसून बसवली, वायर लावून बटण दाबलं. शिट्ट्या तशाच. आईचं उत्तरही तसंच. परत पट्टी, परत पुसणं. सव्वादहा झाले.

शेवटी थोरलीनं आईच्या हातातून फोन ओढला आणि ओरडली, "टूंऽऽऽ, टी, टी!"



"परत म्हण," धाकटी गंभीरपणे म्हणाली.

थोरलीनं म्हटलं.

"शेवटचा टी जरा ओढ बघू."

थोरलीनं मन लावून ओढला, तेव्हा फोनमधून चार-पाच माणसांच्या हसण्याचा स्फोट झाला. बयेनं फोन स्पीकरवर टाकून अख्ख्या दुकानाला ऐकवलं होतं.

थोरली चिडणार होती, पण हसूच फुटलं. टेबलाखालून उठताना डोकं आपटलं, त्याचंही हसू आलं. काय झालं ते आईला कळेना, पण तीही पदर तोंडाला लावून हसू लागली.

"ताई, एक लांब, दोन आखूड म्हणजे पडद्यावर चित्र आणणारं कार्ड सैल झालंय," धाकटी धापा टाकत म्हणाली. "खोकं हलवलं होतंस का?"

काल झाडताना हलवलं होतं. वायर काढून थोरलीनं कार्ड उपसलं आणि टक्‌ आवाज येईपर्यंत दाबून बसवलं. मग बटण. एकच आखूड शिट्टी, आणि पडदा उजळला.

तरी फोन कुणी ठेवेना. तीन महिन्यांचं साचलं होतं. गिऱ्हाईक आलं तेव्हा नकाशा छापून व्हायचा होता, थोरलीला उचकी लागली होती, आणि फोन खांद्यात धरून ती खुणेनंच त्याला बसा म्हणत होती.