येओसूला निघालेला रुमाल

मी एक चौकोनी रुमाल आहे. डबे, भांडी बांधून न्यायचा. मान-सूच्या पहिल्या वाढदिवसाचे रेशमी कपडे शिवून उरलेल्या बावीस चिंध्या त्याच्या आईनं, कुम-रेनं, हातानं जोडल्या आणि मी झालो. त्याला आता बेचाळीस वर्षं होतील.

त्याचा शाळेचा डबा मी वाहिला. तो सैन्यात गेला तेव्हाचं खाणं, लग्नातल्या भेटी, सगळं वाहिलं. नंतर प्लास्टिकच्या पिशव्या आल्या आणि मी बरीच वर्षं कपाटात पडून राहिलो.

यंदा नववर्षाच्या सकाळी कुम-रेनं मला बाहेर काढलं. सारात घालायच्या तांदळाच्या पांढऱ्या चकत्यांचा डबा माझ्यात बांधला आणि स्टेशन गाठलं. मान-सूची मासेमारी बोट एकोणीस दिवस समुद्रातून परतली नव्हती.

मान-सूच्या बंदराच्या गावाची, येओसूची, गाडी जवळजवळ रिकामी होती.

"आजी, सणाला सगळी मुलं गावी येतात," समोरची बाई म्हणाली. "तुम्ही उलट्या कुठे निघालात?"

"माझा पोरगा पहिल्यापासून आळशी. म्हटलं, वाट बघण्यापेक्षा आपणच जावं."

"चांगला कान पिळा त्याचा!"

"पिळणारच की!"

बाई हसली. कुम-रे माझा कोपरा पिळत होती.

सुनचॉन स्टेशन गेलं आणि बोगद्यामागून बोगदे सुरू झाले. अंधार झाला की काचेत तिचाच चेहरा उमटे आणि ती मान फिरवी. मग एकदम जमीनच संपली. स्टेशनाबाहेर थेट समुद्र. दुकानं बंद होती. बंदरात बोटी ओळीनं बांधलेल्या, प्रत्येकीवर सणाचे रंगीत झेंडे. त्या ओळीत एका बोटीएवढी जागा मोकळी होती. तिथून ती भरभर चालली आणि चढावरच्या मान-सूच्या घरापर्यंत थांबली नाही.

सुनेनं, उन-शिलनं, डबा घेतला. "आई, एवढ्या थंडीत कशाला..."

"सार टाक आधी. नववर्षाला ते प्यायल्याशिवाय माणसाचं वय एका वर्षानं वाढत नाही."

पितरांचं मेज मांडलं गेलं. कुम-रेच्या नवऱ्याच्या फोटोपुढे उन-शिलनं साराचा वाडगा ठेवला. मग त्याच्या शेजारी आणखी एक.

"हा कोणाचा?"

उन-शिल वाडग्याशेजारचा चमचा सरळ करत राहिली.

"या घरातला एकच माणूस गेलाय. दुसरा वाडगा कोणाचा, विचारतेय मी!"

"बोटीवरच्या बाकी सगळ्यांच्या घरी आज ठेवतायत, आई. आपण नाही ठेवला आणि तो तिथे उपाशी राहिला, तर?"

कुम-रेनं तो वाडगा उचलला. झाकण घातलं, माझ्यात गुंडाळला आणि खालून तापवलेल्या जमिनीवर रजईखाली सारला. कामावरून उशिरा येणाऱ्याचं जेवण ठेवतात तिथे.

"त्याचं इथे असतं," ती म्हणाली.

दोघी रजईच्या दोन बाजूंना बसल्या. सार कोणीच प्यायलं नाही.

अजूनही मी इथेच आहे. खालून जमीन गरम आहे, तरी वाडगा निवत चाललाय. त्यांच्याआधी ते मला कळतंय. आता दाराशी कोणीतरी आलंय. मान-सू गल्लीच्या तोंडापासूनच हाका मारत येतो. हा माणूस नुसता उभा आहे, घसा खाकरतोय.

उठू नकोस, कुम-रे. अजून थोडी ऊब आहे.