एक बॅग, तीन पावत्या

बस स्टँडवर हरवलेल्या सामानाची खोली आहे. तिथं मी सामान उचलून फळीवर ठेवते. शाळा सोडली तेव्हा आई म्हणाली होती, "आता बस ओझी उचलत." उचलतेय.

इथला नियम असा, की मागणाऱ्यानं फॉर्मवर रंग लिहायचा. रजिस्टरातल्या रंगाशी जुळला तरच सामान हातात.

परवा एक काका धापा टाकत आले. बॅगेत काकूंची दवाखान्याची फाइल, दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन. बॅग समोरच फळीवर. काकांनी लिहिलं, 'चॉकलेटी'.

साहेबांनी रजिस्टर उघडलं. "इथं कॉफी कलर आहे."

"अहो, तीच! ती बघा ना!"

"दिसतेय हो. पण तुमची चॉकलेटी हरवलीय."

"बरं, खोडून कॉफी लिहितो."

"मी सांगितल्यावर? असं तर कोणीही लिहील."

माझं टाळकं सटकलं. "साहेब, आत फाइल आहे का ते तरी बघा!"

"आधी रंग, मग चेन. तू वकिली करू नकोस."

मी रजिस्टरच ओढलं. आमच्याकडे प्रत्येक पाळीचा माणूस फळी बघतो. जे रजिस्टरात सापडत नाही, ते नवीन म्हणून चढवतो. सकाळच्यानं चढवलं होतं 'मातकट बॅग'. दुपारच्याला मातकट कुठं दिसेना, त्यानं चढवली 'बदामी'. साहेबांना दोन्ही दिसेनात, त्यांनी 'कॉफी'.

"साहेब, मातकट कुठाय?"

"कुठली मातकट?"

"आणि बदामी? रजिस्टरात तीन, फळीवर एक. चावी तुमच्याकडे. तपासणी सोमवारी ना?"

साहेबांनी फळीकडं बघितलं. मग खालच्या फळीकडं. मग टेबलाखाली.

"काका, बसा ना," ते म्हणाले. "पाणी घेता?"

काकांनी तीन पावत्यांवर सह्या केल्या. मातकट मिळाली. बदामी मिळाली. कॉफी मिळाली. बॅग छातीशी धरून पळालेच बिचारे.

टेबलावर त्यांचा फॉर्म तेवढा राहिला. साहेबांनी चष्मा पुसला, फॉर्मवर शिक्का मारला, 'सापडली नाही', आणि फाइलला लावला.

"चॉकलेटी आली तर लगेच सांग गं," म्हणाले. "बिचाऱ्यांना गरज आहे."