दिवा हिरवा आहे ना?

मित्रांनो, मी एक जुना बॅटरी चार्जर आहे. प्लग लावला की त्या विजेने बॅटरी भरायची, हे माझं काम. सध्या गॅरेजमधल्या फळीवर, रंगाच्या वाळलेल्या डब्यांशेजारी पडलो आहे. 'अरेरे, बिचारा' म्हणायची घाई करू नका. कीव करायचीच तर ज्यांनी मला इथे टाकलं त्यांच्या अकलेची करा.

कारखान्यात माझ्या पोटात तांब्याच्या तारेची गुंडाळी बसवली, पाठीला छोटा पंखा लावला आणि एका कॅराव्हॅनच्या बाकाखाली मला स्क्रूने आवळलं. कॅराव्हॅन म्हणजे मोटारीमागे जोडून ओढत न्यायचं चाकांवरचं घर. पहिले मालक निवृत्त तिकीट तपासनीस होते. बोलायला लागले की कान किटायचे. पण दर सहलीआधी ते ब्रशने माझ्या पंख्यावरची धूळ झटकायचे, बॅटरीत पाणी घालायचे आणि मीटर लावून ती किती भरली ते बघायचे. "गडी कामाचा आहे," असं पाहुण्यांना सांगायचे. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

त्यांचे गुडघे गेले आणि कॅराव्हॅन विकत घेतली जावईबापूंनी. त्यांचं खरं नाव मला घ्यायचं नाही. बायकोची आत्या त्यांना जावईबापू म्हणते, तेच पुरे. या गृहस्थांनी माझ्या पंख्यासमोर चपला आणि दोरखंड कोंबले. मीटर कुठे ठेवला ते विसरले. मला एक हिरवा दिवा आहे. तो लागला की समजायचं, मला वीज मिळते आहे. बॅटरी भरली की नाही, ते तो सांगत नाही. जावईबापू मात्र त्याच्याकडे बघून म्हणायचे, "फुल्ल." कसलं फुल्ल आणि कसलं काय.

मग त्यांना रानात, विजेशिवाय राहायचं खूळ लागलं. महिनाभर मोबाइलवर व्हिडिओ बघून त्यांनी जुनी बॅटरी काढली, नवी लिथियमची आणली आणि छपरावर सोलर पॅनल चढवलं. बसवायला आलेला वायरमन म्हणाला, "साहेब, हा चार्जर जुन्या बॅटरीचा आहे. नवीला जास्त व्होल्टेज लागतं. हा तिला पुरती भरणार नाही, हाही बदला."

"चालतोय की अजून. दिवा हिरवा आहे ना?"

वायरमनने खांदे उडवले आणि सामान आवरलं. तोही त्यातलाच. एकदा तोंडाने सांगितलं की याची जबाबदारी संपली.

आता घोडं कुठे पेंड खातं ते ऐका. आत्याला मधुमेह आहे. इन्सुलिनच्या कुप्या थंड ठेवाव्या लागतात, म्हणून आजार जडल्यापासून ती कुठे मुक्कामाला गेलीच नव्हती. कॅराव्हॅनमध्ये बॅटरीवर चालणारा छोटा फ्रीज होता, त्याच्या जोरावर जावईबापूंनी तिला चार दिवस तळ्याकाठी न्यायचं ठरवलं.

"आणि तुमचा फ्रीज बंद पडला तर?" तिने विचारलं.

"आत्या, वर सोलर आहे, खाली नवी बॅटरी आहे. माझा शब्द आहे."

"बरं. तुमच्या शब्दावर येते मग." तिने चालायचे नवे बूट घेतले आणि भाचीला दोनदा घालून दाखवले.

निघण्याआधी आठवडाभर कॅराव्हॅन गॅरेजमध्ये उभी करून मला प्लग लावून ठेवला. मी जीव तोडून ढकलत होतो, पण बॅटरी अर्ध्याच्या जरा वर जाऊन अडली. मला बोलता येत नाही, आणि मीटर शोधायची तसदी कोणी घेतली नाही. तळ्यावर पोचल्यावर जावईबापूंनी आणखी एक पराक्रम केला. आत्याला उन्हाचा त्रास नको म्हणून कॅराव्हॅन भल्यामोठ्या झाडाखाली उभी केली. छपरावर सोलर आणि सोलरवर गर्द सावली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय म्हणणार?

जुनी बॅटरी संपत आली की दिवे मंद व्हायचे, माणसाला कळायचं. नवीचं तसं नाही. ती शेवटपर्यंत झकास चालते आणि मग एकदम सगळं बंद करते. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी तळ्याला वळसा घालायला गेली आणि त्यांची पाठ फिरताच फ्रीज बंद पडला. खिडक्या लावलेल्या होत्या. दुपारनंतर तिरपं ऊन खिडक्यांतून आत आलं आणि भट्टी झाली; छप्पर मात्र सावलीतच राहिलं. संध्याकाळी आत्या हसत हसत परत आली. जेवणाआधीचं इंजेक्शन घ्यायला तिने फ्रीज उघडला आणि कुपी हातात घेतली.

"गरम आहे," ती म्हणाली.

जावईबापू बाकाखाली वाकले आणि मला एक थापड मारली. "या डबड्याने घात केला." नाचता येईना, अंगण वाकडं.

"त्या डबड्याने मला शब्द दिला नव्हता, जावईबापू," आत्या म्हणाली. "मला घरी सोडा."

औषधाचं दुकान सापडेपर्यंत साखर चढून ती सारखी पाणी मागत होती आणि भाची रडत होती, असं मी नंतर ऐकलं. आत्या सावरली. पण त्या तासादोन तासांची मला अजून चीड येते.

मग आला नवा चार्जर, जाड वायर, फ्रीज बंद पडला की वाजणारा भोंगा, उन्हात उघडून ठेवायचं वेगळं पॅनल. वरातीमागून घोडं. परवा जावईबापू इथेच उभे राहून फोनवर बोलत होते. "आत्या, आता आठवडाभर फ्रीज चालतो. मी स्वतः तपासलंय. येताय ना?"

"छान झालं," पलीकडून आवाज आला. "तुम्ही दोघं जाऊन या."



मित्रांनो, यंत्रांची निगा राखा, हे तुम्हाला कोणीही सांगेल. माझं काय, माझ्या जागी दुसरा आला. पण कोणी तुमच्या भरवशावर घराबाहेर पाऊल टाकणार असेल, तर आधी बाकाखाली वाका, मीटर लावा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तेवढं होत नसेल, तर शब्द देऊ नका.