मधल्या धक्क्याचा माल

बोट मालाचीच होती. सिमेंट, पिठाची पोती, गॅसच्या टाक्या, कुणाचं कपाट, असलं सगळं किनाऱ्याकिनाऱ्यानं वाटत जायची. मग कंपनीतल्या कुणा शहाण्याच्या डोक्यात किडा वळवळला. खलाशांच्या खोल्या रंगवून त्यांत पाहुणे घातले आणि खलाशांना दोरखंडांच्या कोठारात झोपायला लावलं. 'कष्टकऱ्यांसोबत सागरसफर' अशी जाहिरात केली. कष्टकऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं.

या खेपेला खलाशांच्या मुकादमाचा, म्हणजे तांडेलाचा, थोरला भाऊ बोटीवर होता. खाली, बर्फाच्या खोलीत, लाकडी पेटीत. शहरातल्या इस्पितळात वारला. गावाला रस्ता नाही, म्हणून हीच बोट.

"पाहुण्यांना वास लागता कामा नये," कप्तानानं बजावलं होतं. "पेटीवर 'पंप' असं लिही."

तांडेलानं आपल्या हातानं लिहिलं. दादा जन्मभर धापा टाकत राबलाच की, अशी मनाची समजूतही घातली.

गावचा धक्का उथळ. भरती असेतोवरच बोट लागायची. पाणी उतरलं की धक्का सोडून पुढं जायचं आणि तिथला माल परतताना टाकायचा. वहिनी दुपारच्या भरतीला आईला घेऊन धक्क्यावर येणार होती. शेवटचं तोंड बघायला.

सकाळी वाटेत पक्ष्यांचा खडक लागला. पाहुणे कॅमेरे काढून कठड्याला चिकटले. बोट थांबली. थोडं थोडं म्हणता ऊन डोक्यावर आलं.

"कप्तानसाहेब, भरती जाईल," तांडेल वर जाऊन म्हणाला.

"कंपनीचा हुकूम आहे. पाहुणे खूश तर आपली नोकरी शाबूत. मी काय करू, पक्ष्यांना हाकलू?"

तांडेल खाली डेकवर आला तर पाहुण्यांतल्या चष्मेवाल्या बाईंनी त्याला गाठलं. "कसली घाई झालीये हो तुम्हाला? मघापासून येरझाऱ्या घालताय."

"पुढच्या धक्क्याला माल उतरवायचाय, बाई."

"मालच ना? तो काय पळून जातोय?"

दोघंतिघं हसले. "का हो, नाशवंत आहे की काय?" टोपीवाल्यानं विचारलं.

"हो, नाशवंत आहे," तांडेल म्हणाला. "माझा भाऊ आहे. मेलाय. खाली बर्फात ठेवलाय."

बाईंचा हात तोंडावर गेला. "अरेरे. मग आधी बोलायचं नाही का? चला, निघू या." तांडेलाला क्षणभर बरं वाटलं. तेवढ्यात टोपीवाला म्हणाला, "बर्फात म्हणजे? काल आपण खाल्लेली मासळी तिथलीच का?" मग जे सुरू झालं त्यात दादा कुठल्या कुठे राहिला.

इंजिन सुरू झालं. "तुला तोंडाला कुलूप लावता येत नाही," कप्तान एवढंच म्हणाला.

धक्का दिसला तेव्हा त्याच्या खांबांचा शेवाळलेला भाग उघडा पडला होता. कप्तानानं चाक वळवलं नाही. "रुतली तर सगळेच अडकून बसू."

"होडी सोडतो."

"या लाटांत? पेटी बुडाली तर?"

आपल्या हाती चाक असतं तर आपणही वळवलं नसतं, हे तांडेलाला कळत होतं. तेच जास्त झोंबलं. भरती इथं गेलीच नव्हती, ती त्या खडकापाशी गेली होती.

पाहुणे एकेक करून डेकच्या दुसऱ्या बाजूला सरकले, मोकळ्या समुद्राकडे तोंड करून. धक्क्याच्या बाजूला तांडेल एकटा. आई एका खोक्यावर बसली होती. वहिनी बोटीबरोबर चालत धक्क्याच्या टोकापर्यंत आली.

"परतताना आणतो, वहिनी," तो ओरडला.

"आईंना काय सांगू, भावजी?"

बोट पुढं गेली.

मग तो खाली गेला आणि फावड्यानं पेटीवर बर्फ ओढू लागला. परतीपर्यंत पुरायला हवा होता, आणि बेताचाच उरला होता. आचारी बादली घेऊन आला.

"वर सरबत करायचंय. थोडा बर्फ दे."

"मघाशी नाकं मुरडत होते ना?"

"मासळी नको म्हणतायत. बर्फ हवाय."

"नाही म्हणून सांग."

"कप्तान माझ्या नावानं शंख करेल."

"त्याला म्हणावं, स्वतः खाली ये आणि माझ्या भावाच्या अंगावरचा काढून ने."

आचाऱ्यानं बादली बाजूला ठेवली आणि दुसरं फावडं उचललं.