टेबलाखालचा डबा आणि ओवळाचं झाड

मी टेबलाखालचा काळा डबा बोलतोय. बोलतो हळू, पण सगळं सांगतो.

कारखान्यातून मी सगळा जुळवलेलाच बाहेर पडलो. पणजीच्या एका कचेरीत सात वर्षं पत्रं लिहिली. तिथे नवे संगणक आले तेव्हा मला विकलं, आणि मी हळर्णला सुविधाच्या घरी आलो. ही पोरगी घरं बांधायच्या आधी त्यांची चित्रं काढते, आत फिरून बघता येतील अशी.

गावात दशावतारासाठी नवा रंगमंच व्हायचा होता. त्याच्या आड देवळासमोरचं ओवळाचं, म्हणजे बकुळीचं, झाड येत होतं. ते तोडायचं जवळजवळ ठरलेलंच. सुविधाचं म्हणणं, रंगमंच थोडा वळवला तर झाड राहील. पण कागदावरचा नकाशा कुणाला समजेना. "रविवारच्या बैठकीत चालतं चित्र दाखवतंय," ती म्हणाली.

आता झाड म्हटलं की पानं आली, आणि एवढी पानं हलवायची म्हणजे माझा दमच निघे. चित्रात एक पाऊल टाकायला मी अर्धं मिनिट घेई.

"हेका ग्राफिक्स कार्ड होया," सुविधा म्हणाली. म्हणजे चित्रं हलवायचं ओझं माझ्यावरून उचलणारा वेगळा भाग.

तिचे महादेवकाका साखळीला खाणीच्या ट्रकांची वायरिंग करायचे. दिवे वाढवा, भोंगे वाढवा, त्यांचा हात बसलेला. त्यांनी पणजीहून विटेएवढं, दोन पंख्यांचं कार्ड आणलं. वेगळ्या वायरी जोडल्या, बटण दाबलं. झाड पडद्यावर आलं, मी एकदा घुरघुरलो आणि बंद.

"व्होल्टेज पडता गो! आपल्या गावचो करंटच तसो." काकांनी स्टेबलायझर लावला. मी पुन्हा बंद. त्यांनी त्याहून मोठा आणला. मी तिसऱ्यांदा बंद.

"आता काय ट्रकाची बॅटरी लावतलास?" सुविधा हसली. काका खरंच विचार करू लागले.

मग तिने माझं झाकण काढलं आणि टॉर्च धरून आतल्या वीजपेटीवरची पट्टी वाचली. "काका, गावच्या करंटाचो दोष नाय. हेची पेटीच दोनशे चाळीस वॅटची. आतल्या सगळ्यांका तेवढ्यातच भागवूक होया, ह्या मोठ्या कार्डाक ता पुरणा नाय."

काका बसने पुन्हा पणजीला गेले. परतले ते एका पंख्याचं, तळहाताएवढं कार्ड घेऊन. त्याला वेगळी वायर नकोच. ज्या खाचेत बसतं तिथूनच पोटापुरतं घेतं.

"ट्रकाचो भोंगो देवन सायकलची घंटी हाडलंय," काका म्हणाले. "बघ चलता काय."

बटण दाबलं. मी चालूच राहिलो! पानन् पान झुळझुळ हललं, आणि मी त्या झाडाभोवती धावत सुटलो म्हणा ना.

रविवारी मला देवळाच्या मंडपात नेऊन प्रोजेक्टरला जोडलं. रामचंद्रमामा अगदी पुढे बसले. तीस वर्षं दशावतारात राजा होणारा माणूस, आणि झाड तोडायच्या बाजूचा. सुविधाने वळवलेला रंगमंच दाखवला, मग सगळ्या गावाला झाडाभोवती फिरवून आणलं.

"ता सगळा खरा," मामा म्हणाले, "पण आमी रंगूचा खंय?"

तिने चित्र मागे नेलं. रंगमंचाच्या पाठीला, थेट झाडाच्या सावलीत, रंगायची, म्हणजे तोंडाला रंग लावून नटायची, खोली.

मामा पडद्याकडे वाकले. "म्हणजे राजा ओवळाखालसून येतलो?"

"व्हय मामा."

"मगे तोडूचा कित्याक?" आणि सगळा मंडप हसला.

रंगमंच आता उभा आहे. ओवळही. सुविधा सकाळी ओंजळभर फुलं आणते आणि माझ्या डोक्यावर ठेवते. मला वास कळत नाही म्हणतात, म्हणू देत. माझा पंखा तो आत ओढतो आणि मला दिवसभर बरं वाटतं. माझं मागणं एवढंच: फुलं भरपूर ठेवा, फक्त मागची जाळी झाकू नका.