पूर्वमोजणी

मित्रकीटक सोडण्याच्या आदल्या दिवशी पिकावर मित्रकीटक नसतात. एवढं सिद्ध करायला एक माणूस, एक गाडी आणि चार प्रतींतला एक तक्ता लागतो. या कामाला पूर्वमोजणी म्हणतात. तक्त्यातला 'काळी अंडी' हा रकाना शून्यांनी भरायचा, खाली सही ठोकायची आणि दुसऱ्या दिवशी प्रयोग सुरू करायचा.

भिंग हे काम बावीस वर्षं करत होता. हे नाव त्याला, ज्यांच्या हाताखाली तो काम शिकला त्या सरांनी ठेवलं होतं. "आमच्या भिंगाने मोजलं म्हणजे मोजलं," असं सर चारचौघांत म्हणत. सर गेले त्याला तीन वर्षं झाली. शोकसभेत भिंगाने वीस मिनिटं भाषण केलं होतं. तेव्हा ते गेले याबद्दल निदान त्याला तरी शंका नव्हती.

मका छातीला लागला होता. भर दुपार, वारा पडलेला, आणि तरीही पानं कुजबुजत होती. पहिल्या वाफ्यात भिंग उकिडवा बसला आणि त्याने तिसरं पान उलटं केलं. खोडकिड्याचा पतंग तिथे अंडी घालतो. ती पांढरट असतात. त्यांच्यातून अळी निघते आणि पीक पोखरते. पण पूर्णविरामाएवढी एक गांधीलमाशी त्या अंड्यात स्वतःचं अंडं घालते. मग अंडं काळं पडतं आणि आतून अळीऐवजी माशी निघते. अशी काळी अंडी चिकटवलेली कार्डं उद्या पानांना टोचायची होती. आज ती मळ्यावरच्या खोलीत, फ्रिजमध्ये, गार पडून होती.

पुंजक्यात चाळीस अंडी होती. एकतीस काळी.

भिंगाने चष्मा पुसला, मग भिंग पुसलं, मग नाइलाजाने घाम पुसला. उबायला आलेलं अंडंही काळसर दिसतं, पण त्यात अळीच्या डोक्याचा ठिपका असतो. इथे ठिपका नव्हता. सबंध अंडं बुटाच्या पॉलिशसारखं चकचकीत. तो बघत असतानाच एकाला भोक पडलं, आणि आतून काहीतरी बाहेर येऊन निवांत पंख झटकू लागलं.

"पहिला वाफा, तिसरं पान, चाळीस अंडी, एकतीस काळी," तो सवयीने मोठ्याने म्हणाला. सरांची शिस्तच तशी होती. एकाने मोजून पुकारायचं, दुसऱ्याने लिहायचं आणि उत्तर द्यायचं. आज दुसरा कोणी नव्हता.

"लिहिलं," मक्यातून उत्तर आलं.

शेवटचं अक्षर जरा लांबवलेलं. थेट सरांसारखं. भिंगाच्या मानेवरचा घाम जागच्या जागी थांबला. पुढच्या ओळीत पानं बाजूला झाली. कोणीतरी सावकाश, गुडघे सांभाळत येत होतं.

"घाबरलात होय!" मळ्याच्या मालकीणबाई खुरपं घेऊन बाहेर आल्या. "तोंडात बसलंय हो माझ्या. तुमच्या सरांनी बसवलं."

"सर इथे यायचे?"

"रिटायर झाल्यावर दर आठवड्याला. अगदी जाईपर्यंत."

भिंगाने विषय बदलला. "बाई, तुम्ही औषध कधी फवारलं होतं?"

"वीस-बावीस वर्षं झाली असतील. गरजच पडली नाही."

"का पडली नाही?"

"ते तुम्ही शिकलेल्यांनी सांगायचं. मी आपली झोपते सुखाने."

भिंगाने आणखी पाच वाफे मोजले. अठ्ठावीस काळी, तेहेतीस, तीस. मग बांधावर जाऊन त्याने संचालकांना फोन लावला. संचालक एकेकाळी त्याच्या हाताखाली नळ्या धुवत असत आणि ते दोघांनीही विसरायचं, असं ठरलं होतं.

"साहेब, अडचण आहे. कार्डं फ्रिजमध्ये आहेत आणि माश्या शेतात आहेत."

"कुठल्या माश्या?"

"आपल्याच. जुन्या."

"अहो, पूर्वमोजणीत शून्य असतं. म्हणून तर तिला पूर्वमोजणी म्हणतात."

"मोजलं तर येत नाही शून्य."

"मग मोजता कशाला?" संचालक समजुतीच्या सुरात म्हणाले. "हे बघा, तीन मजल्यांवर आपण माश्या वाढवतो, कारण दर हंगामाला नव्या सोडाव्या लागतात. त्या आपल्या आपण शेतात राहतात असं लिहिलंत, तर आपण कुठे राहायचं? पाच वाजेपर्यंत तक्ता पाठवा. तुम्हाला काय, शून्यं लिहायची सवय आहे."

ते सहज बोलले होते. त्यांना काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. ठाऊक असलेला माणूस जगात एकच होता आणि तो बांधावर फोन हातात घेऊन उभा होता.

याच शेतात सरांनी तीन वर्षं माश्या सोडल्या होत्या. चौथ्या वर्षी मुद्दाम सोडल्या नाहीत. हिवाळा काढून त्या टिकतात, माणसाने एकदा आणून दिल्या की पुढचं त्या बघतात, असं त्यांचं म्हणणं. सगळं खातं हसत होतं. सर आजारी, म्हणून शेवटची मोजणी एकट्या भिंगाकडे आली. नेमकी त्याच दिवशी त्याची कायम नोकरीची मुलाखत होती. माश्या थंडीत मरतात हे तर पुस्तकात होतं. शून्याला जाऊन काय मोजायचं? आदल्या संध्याकाळी त्याने खोलीत बसून चोवीस वाफ्यांची चोवीस शून्यं काढली, एकसारखी दिसू नयेत म्हणून दोन पेनांनी. मुलाखतीत त्याला प्रयोगातल्या सचोटीबद्दल विचारलं गेलं. त्यावर तो सात मिनिटं बोलला. नोकरी मिळाली.

सरांनी ती शून्यं पाहिली, आणि आपलं म्हणणं चुकल्याचं स्वतःच्या सहीने छापून दिलं.

तो परत मक्यात शिरला. मालकीणबाई तण काढत होत्या. "सर इथे येऊन करायचे काय?" त्याने विचारलं. विचारायचं नव्हतं, पण तोंडाने विचारलं.

"काय करणार? डोळे गेले होते की. पान माझ्या हातात द्यायचे. बाई, काळं दिसतंय का? मी म्हणायची, दिसतंय, बत्तीस. ते म्हणायचे, लिहिलं. पण वहीत काही लिहायचे नाहीत. एकदा मी चिडले. म्हटलं, मी काय आंधळी आहे? तर म्हणाले, तसं नाही बाई, पण आमच्या भिंगाने शून्य मोजलंय. तुमची नजर चुकू शकते, त्याची नाही."

मका पुन्हा कुजबुजला. आता भिंगाला कळलं, की इतका वेळ ज्याला तो पानांचा आवाज समजत होता तो आकडे सांगत होता.

"त्या दिवशी मी आलोच नव्हतो, बाई."

खुरपं थांबलं. "मोजायला?"

"मोजायला."

"हे त्यांना सांगितलंत?"

"नाही."

"मग मला कशाला सांगताय? मी काय तुमची गुरुपत्नी आहे?" त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "त्यांची बायको आहे की अजून. तिच्यादेखत त्यांनी एकोणीस वर्षं स्वतःला मूर्ख म्हणवून घेतलं."

भिंगाने उरलेले अठरा वाफे मोजले. एकेक पान उलटं करून, एकेक अंडं भिंगाखाली धरून. पुकारत गेला, उत्तर कोणी दिलं नाही. मालकीणबाई केव्हाच घरी गेल्या होत्या. साडेचारला त्याने तक्ता पाठवला. चोवीस वाफे, एकही शून्य नाही. सोबत दोन ओळी: बावीस वर्षांपूर्वीची या शेतावरची मोजणी मी केलेली नाही. ती बाद समजावी. खरा आकडा किती होता, ते आता कोणालाच कळणार नाही.

पाच वाजून दोन मिनिटांनी फोन वाजू लागला. त्याने तो गाडीच्या सीटवर टाकला आणि वाजू दिला. फोन सरांच्या गल्लीपर्यंत वाजत होता.

दार काकूंनी उघडलं. त्या वाळल्या होत्या, पण ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही. "अरे, भिंग! आज इकडे कुठे वाट चुकलास? ये ना. परवाच तुझी आठवण काढली. हे शेवटपर्यंत म्हणायचे, जगात एकच माणूस—"

आत, पडद्यामागे, खुर्ची करकरली. वाऱ्यानेही असेल. भिंगाने उंबऱ्याबाहेरच चपला घट्ट रोवल्या.

"काकू, आधी ऐकून घ्या," तो म्हणाला. "आत बोलवायचं की नाही, ते मग ठरवा."